गजाचा बाक

माने सरांच्या शोकसभेत मी एक शब्द बोललो नाही, याचं मला ओळखणाऱ्या सगळ्यांना नवल वाटलं. मोशीच्या पुढे, चाकण रस्त्याला माझं भंगाराचं गोडाऊन आहे, आणि मला गप्प बसलेलं त्या रस्त्यावर कुणी पाहिलेलं नाही. वजनकाट्याला कुणी चोरून पाय लावला तर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. पण त्या दिवशी रावेतच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, प्लास्टिकच्या खुर्चीवर, मी हाताची घडी घालून बसलो होतो. समोर हार घातलेल्या फोटोशेजारी सरांचा मुलगा अभिजित उभा राहून सांगत होता, "बाबांचा तो वाजवायचा जुना गज पार वाकला होता. शेवटी मीच तो कंपनीत नेऊन सरळ करून दिला. बाबा इतके खूश झाले होते!"

लोकांनी माना डोलावल्या. एका बाईंनी डोळे पुसले. माझ्या दाढा एकमेकींवर अशा बसल्या होत्या की दुसऱ्या दिवशी मला भाकरी चावता येईना.

मी गप्प होतो, कारण सरांनी माझ्याकडून शब्द घेतला होता. "कुणाला बोलायचं नाही, बालाजीराव." मी व्यवहारात दिलेला शब्द फिरवत नाही. पण शब्द घ्यायचा तर तो चहूबाजूंनी बांधून घ्यावा लागतो, आणि सरांना व्यवहार म्हणून कधी जमला नाही. त्यांनी बोलायचं नाही म्हटलं होतं. लिहायचं नाही म्हटलं नव्हतं.

सर पहिल्यांदा माझ्या गोडाऊनला आले तेव्हा मला ते कुठल्या तरी खात्याचे साहेब वाटले. बुटके, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला शबनम. आले ते कुणाशी न बोलता सरळ पत्र्यांच्या ढिगाकडे गेले. एक पत्रा उचलायचे, बोटाच्या पेरानं टकटक करायचे, कान जवळ न्यायचे आणि खाली ठेवायचे. माझी माणसं हसायला लागली.

मी ओरडलो, "ओ काका, दार ठोठावताय का? आत कुणी नाही त्यात!"

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. माझ्याच गोडाऊनमध्ये मला. मग पितळेचा एक चौकोनी तुकडा घेऊन ते माझ्यासमोर आले. "हा बोलतो," म्हणाले. "बाकीचे मुके आहेत."

मी त्या तुकड्याचा भाव अव्वाच्या सव्वा सांगितला. गिऱ्हाईकानं निम्म्यावर यावं, मी छाती पिटावी, त्यानं चालायला लागावं, मी हाक मारावी, ही आमची रीत आहे. सरांनी पाकीट काढून मागितले तेवढे पैसे दिले, पितळ शबनममध्ये टाकलं आणि निघाले.

मला फार राग आला. भाव न करता माल उचलणारा माणूस एकतर मला भिकारी समजतो, किंवा मालाची खरी किंमत त्याला ठाऊक असते आणि मला नसते. मला दुसरी शंका आली. मी मोटारसायकल काढली आणि त्यांच्या रिक्षाच्या मागे गेलो.

रिक्षा आकुर्डीत एका जुन्या कामगार वसाहतीत थांबली. सर तिथे तळमजल्यावर राहत. एका कारखान्याच्या शाळेत त्यांनी नोकरीभर संगीत शिकवलं होतं. शाळेत पुढे संगीताचा तास बंद झाला, सर निवृत्त झाले आणि घरातच वर्ग घेऊ लागले. पेटी, गाणं, व्हायोलिन, ज्याला जे हवं ते. मी दारात उभा राहिलो तेव्हा आत मुलं सतरंजीवर बसली होती, आणि सर माझं पितळ एका लोखंडी खुंटावर मधोमध बोल्टनं कसत होते.

मला बघून म्हणाले, "आलात? बसा. चपला बाहेर."

कसे काय आलात, का आलात, काही नाही.

त्यांनी पितळेवर चिमटीनं रांगोळी भुरभुरली. मग भिंतीवरच्या खोक्यातून तो गज काढला.

गज म्हणजे ज्यानं व्हायोलिन किंवा सारंगी वाजवतात तो. पण आजच्या व्हायोलिनचा गज मी बघितला होता. त्याची दांडी केसांच्या बाजूला, आत झुकलेली असते, आणि मागे स्क्रू असतो. तो फिरवला की घोड्याचे केस ताणले जातात. हा तसा नव्हता. याची दांडी धनुष्यासारखी बाहेर फुगलेली होती, गर्द तांबडी, मधे काळे ठिपके. स्क्रू नव्हताच. खाली एका खाचेत लाकडाचा ठोकळा दाबून बसवायचा, आणि दांडीच्या बाकामुळेच केस ताठ राहायचे. एका गोऱ्या पाद्र्यानं तो सरांच्या मिरजेच्या गुरूंना दिला होता आणि गुरूंनी जाताना सरांना. दोन-अडीचशे वर्षांचा तरी असेल, असं पुण्याचे एक जाणकार म्हणाले होते. सर त्याच्यावर गाणं कधीच वाजवत नसत. तो फक्त पत्रा वाजवायचा गज होता. गुरूही त्याचं तेच करायचे.

सरांनी पत्र्याच्या एका कोपऱ्याजवळ डाव्या हाताचं बोट टेकवलं आणि कडेवरून गज वरून खाली ओढला. पितळ किंचाळलं. मग किंचाळणं बसलं आणि एकच लांब सूर निघाला, आणि रांगोळी पळायला लागली. खरोखर पळायला लागली. मुंग्यांनी वारूळ शोधावं तशी ती ठरावीक रेघांवर जाऊन थांबली, आणि पितळेवर एक नक्षी उभी राहिली. बोट जरा सरकवलं, सूर बदलला, नक्षी मोडून दुसरी झाली.

"जिथं पत्रा थरथरतो तिथं रांगोळीला बसू देत नाही," सर मुलांना म्हणाले. "जिथं तो शांत आहे तिथं ती बसते. सूर कानानं ऐकता ना रोज? आज डोळ्यानं बघा."

एक मुलगी म्हणाली, "सर, ही जादू आहे?"

"जादू असती तर मला रोज सराव करावा लागला नसता."

मी ज्या पितळेला किलोच्या भावानं मोजत होतो ते हे करत होतं. मी फसवला गेलो, असंच माझ्या मनात पहिल्यांदा आलं. आयुष्यात ज्या वस्तूचा भाव ठरवता आला नाही ती मला फसवणूक वाटते. दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. मग जातच राहिलो. जाताना एखादा पत्रा, एखादी जाड नळी घेऊन जायचो. सर टकटक करून सांगायचे, "बोलतो," नाहीतर "मुका."

टकटक करणं ही त्यांची सवय नव्हती, तो त्यांचा स्वभाव होता. दार, खांब, स्टीलचा पेला, बसमधली दांडी, काहीही. वर्गात कुणाच्या हातून वाटी पडली की पोरं घाबरायची. सर आधी त्या आवाजाचा सूर सांगायचे आणि मग "उचल" म्हणायचे. सकाळी कंपनीचा भोंगा झाला की बशीतला चहा अर्ध्यावर थांबवून म्हणायचे, "आज उतरलाय. वाफ कमी आहे." माणसांनाही त्यांनी तसंच तपासलेलं असायचं. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ "मुके" होते, जरी ते दिवसभर फोनवर बोलत. एकदा मी विचारलं, "आणि मी, सर?"

"कर्कश आहात," म्हणाले. "पण चिरलेले नाही."

माझ्याबद्दल इतकं बरं कुणी बोललेलं मला आठवत नाही.

त्या गजाचे केस एकदा तुटत आले. सर ते पुण्याहून आणवणार होते. मी म्हटलं, छ्या, आपल्याकडे घोड्यांना काय तोटा? चाकणच्या पलीकडे बैलगाड्यांच्या शर्यती होतात. गाड्यांच्या पुढे घोडी पळते, आणि ती घोडी म्हणजे त्या घराची इज्जत असते. अशाच एकाची पांढरीशुभ्र घोडी मला माहीत होती. सर नको म्हणत असताना मी त्यांना गाडीत घालून नेलं.

घोडीचा मालक खाटेवर बसला होता. मी विषय काढला तसा उठून उभाच राहिला.

"शेपटीचं केस? आवो शेट, डोकं ठिकाणावर हाय का? लक्ष्मीची शेपटी कापू व्हय मी?"

"कापू नको. विंचरताना निघतात तेवढे दे."

"आन् करणार काय त्याचं?"

"हे सर त्यानं पत्रा वाजवणार."

त्यानं सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पत्रा वाजवाय काठी घ्या की. माझ्या घोडीचं केस कशापायी?"

मी तासभर त्याच्याशी भांडलो. त्याच्या आज्यापासून नातवापर्यंत सगळ्यांच्या शपथा झाल्या. शेवटी त्यानं स्वतः लांबसडक केसांची जुडी काढून, रुमालात बांधून, सरांच्या हातात दिली आणि वर गुळाचा चहा पाजला. मी विजयी वीरासारखा परत आलो. सरांनी केस बांधले, त्यांना पकड यावी म्हणून राळ घासली, मुलं जमवली, रांगोळी टाकली, गज ओढला.

काही नाही. गज पितळेवरून साबणासारखा सटकला. रांगोळीचा कणही हलला नाही.

सरांनी केस नाकाजवळ नेले. मग माझ्यापुढे धरले. खोबरेल तेल. त्या बहाद्दरानं शर्यतीच्या घोडीची शेपटी वर्षानुवर्षं तेल चोपडून चकचकीत ठेवली होती, आणि आम्हाला देताना, पाहुण्याला द्यायची वस्तू म्हणून, आणखी एक हात मारला होता. राळ केसांवर धरेल कशी?

मी शिव्या द्यायला तोंड उघडलं. सर हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "प्रेमानं दिलंय हो," म्हणाले, "धुऊ की." आणि मग मोरीत बसून आम्ही दोघांनी रिठ्याच्या पाण्यात ती घोडीची शेपटी पुन्हा पुन्हा धुतली. सरांच्या मुलानं, अभिजितनं, दारातून ते पाहिलं. तो चाकणला एका गाड्यांच्या कंपनीत टूलरूममध्ये इंजिनिअर आहे. "बाबा, काय चाललंय हे?" म्हणाला आणि कानात इअरफोन घालून आत गेला. बापाच्या पितळेचं किंचाळणं त्याला लहानपणापासून नको असायचं. आई गेल्यावर तर बापलेकांत जेवण वाढण्यापुरतंच बोलणं उरलं होतं. सर त्याबद्दल कधी बोलले नाहीत. पण गज खोक्यात ठेवताना ते एकदा त्याच्या खोलीच्या बंद दाराकडे बघत, हे मी नेहमी पाहिलेलं आहे.

मला तो गज हवासा झाला तो ज्ञानोबा अण्णांमुळे. अण्णा चिखलीच्या जुन्या घरातले, पण जमीन गेल्यावर जन्मभर पॉवर प्रेसवर राबलेले. कान पार गेले होते. नातीला क्लासला सोडायला यायचे आणि बाहेर पायरीवर बसायचे. एकदा सरांनी त्यांना हाताला धरून आत आणलं.

"मला कशाला मास्तर? मला काय ऐकाय येत न्हाई," अण्णा ओरडून म्हणाले. बहिरी माणसं ओरडतात.

सरांनी त्यांचं बोट पितळेच्या कडेला टेकवलं आणि गज ओढला. अण्णांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "आरं, मुंग्या आल्या!" मग स्वतःहून बोट पुन्हा ठेवलं. रांगोळीचा तारा झाला. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनी बोट जरासं सरकवलं, तारा मोडला, जाळी झाली. तसे ते नातीकडे वळून ओरडले, "बघ गं! ह्यो म्या बदलला! म्या!"

त्यांना त्या दिवशी घरी न्यायला फार वेळ लागला.

मी परत जाताना विचार करत होतो की सरांचा हात आता कापतो. उद्या हे कोण करणार? अभिजित? मला वाजवता येत नाही. पण मला सांभाळता येतं. माझ्या धंद्याचा एक नियम आहे: वाकडी, मोडकी वस्तू आहे तशी ठेवायची. तिला सुधारायला गेलात की ती मेली. आहे तशी ठेवली, तर तिचा माणूस कधी ना कधी येतो. भंगारात वाकडं असं काही नसतं. तेवढी अक्कल मला दुनियेनं लाथा घालून शिकवलेली आहे. त्या गजाला त्याचा माणूस भेटेपर्यंत मी तो ठेवला असता.

पुढच्या वेळी मी म्हणालो, "सर, हा गज मला द्या. आत्ता नको. तुम्ही थांबाल तेव्हा. काय हवं ते सांगा, मी घासाघीस करणार नाही." हे वाक्य माझ्या तोंडून आयुष्यात एकदाच निघालं आहे.

सर दांडी पुसत होते. "नाही, बालाजीराव."

"का?"

"तुमच्याकडे वस्तू थांबत नाही. येते आणि जाते. तो तुमचा धंदाच आहे, त्यात वाईट काही नाही."

"म्हणजे मी हा विकीन?"

"आज नाही विकणार. पण कुणीतरी शौकीन येईल, भाव सांगेल. भाव कानावर पडला की तुमच्या अंगात येतं. मी बघितलंय."

"मग कोणाला देणार? अभिजितला? तो कुठून धरतात हे तरी त्याला माहीत आहे का?"

"मुलगा आहे तो माझा."

"भंगारवाला तो भंगारवालाच, असं सरळ म्हणा की!"

"तसं मी म्हणालो नाही."

"म्हणालात! मराठीतच म्हणालात!" मी उठलो. रागात कुणाच्या तरी चपला घालून गोडाऊनपर्यंत गेलो. त्या परत पाठवल्या, पण स्वतः गेलो नाही. तो अख्खा पावसाळा गेलो नाही. माझं चुकलं, असं मी आजही म्हणणार नाही. ज्या माणसानं मला न चिरलेला म्हटलं, त्यानंच माझ्यावर भरवसा टाकला नाही. हे मी कुणाच्या दारात जाऊन विसरायचं?

मधल्या काळात अभिजितनं रावेतला फ्लॅट घेतला आणि सर तिकडे राहायला गेले. दसऱ्याला मात्र मी गेलो. दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला शत्रूच्याही घरी जातात, आणि आमच्या भागात तर खंडेनवमी-दसऱ्याला लेथपासून रिक्षापर्यंत सगळ्याला हळदीकुंकू लागतं. मी पानं घेऊन लिफ्टनं वर गेलो. अभिजितनं दार उघडलं. मी कधी न पाहिलेलं हसू त्याच्या तोंडावर होतं.

"या काका! बरं झालं आलात. बघा, बाबांना काय सरप्राइज दिलंय!"

पाटावर लाल कापड. त्यावर पितळेचा पत्रा, पेटी, व्हायोलिन, अभिजितचं मोजमापाचं कॅलिपर, आणि झेंडूच्या फुलांमध्ये तो गज. हळदीकुंकू लावलेला. सरळ. फूटपट्टीसारखा सरळ. केस सैल पडून दांडीला चिकटले होते.

"किती वाकला होता बघितलंत ना?" अभिजित बोलत होता. "घर बदलताना माझ्या हातात आला तेव्हा लक्षात आलं. गुपचूप कंपनीत नेला. ओव्हरटाइम सोडून थांबलो, त्याला घट्ट धरायला स्वतः फिक्स्चर बनवलं, वाफ दिली, दोन शिफ्ट बांधून ठेवला. आता अर्धा मिलिमीटर बाक सापडणार नाही तुम्हाला! फक्त केस तेवढे घट्ट करून घ्यायचेत."

आमचा हा सगळा पट्टा असा आहे. शाफ्ट वाकला, सरळ कर. पत्रा वाकला, सरळ कर. सरळ करण्यावरच इथं लाखो लोकांची चूल पेटते. वाकडं मुद्दाम कुणी केलेलं असेल, हे इथं कुणाच्या डोक्यात येणार? मी तोंड उघडलं, आणि माझ्या मनगटावर सरांची पकड बसली. कापऱ्या हातात इतकी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

"सुरेख झालाय, हेच म्हणताय ना, बालाजीराव?" सर म्हणाले. "चला, तुम्हाला आमची गॅलरी दाखवतो."

गॅलरीचं दार त्यांनी ओढून घेतलं. खाली हायवेला जाणाऱ्या गाड्या दिसत होत्या, सगळ्यांना झेंडूचे हार.

"सर, त्यानं गजाचा जीव घेतलाय."

"हळू बोला."

"परत बाक देता येईल. मी माणूस शोधतो. कुठूनही आणतो."

"टकटक करून बघितलं मी. मुका झालाय. आतून तडा आहे." ते कठड्याला धरून उभे होते. "गज दिसेना, तेव्हा मी घरभर शोधला. खरं सांगतो, एकदा तुमचं नाव मनात आलं. त्याची माफी मागतो."

ती माफी मी अजून स्वीकारलेली नाही.

"मी आत जाऊन सांगतो त्याला," मी म्हणालो. "शिकलेला माणूस ना तो? मग कळू दे काय करून ठेवलंय."

"काय सांगणार? बालाजीराव, त्याची आई गेल्यापासून त्यानं माझ्या कुठल्या वस्तूला हात लावला नव्हता. माझ्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. या एका गजासाठी त्यानं ओव्हरटाइम सोडला. मला आणून दाखवला तेव्हा त्याचा चेहरा... शाळेत असताना प्रगतिपुस्तक दाखवायचा, तसा. मी काय म्हणायला हवं होतं?"

"खरं."

"मी सुरेख म्हणालो." त्यांनी माझ्या हातातली आपट्याची पानं काढून घेतली, त्यातलं एक मला परत दिलं आणि माझी मूठ मिटवली. "सोनं दिलंय. शब्द द्या. कुणाला बोलायचं नाही."

मी आयुष्यात इतका तोट्याचा व्यवहार केलेला नाही. दिला शब्द.

शोकसभेनंतर काही दिवसांनी मी अभिजितकडे जाऊन तो गज मागितला. त्यानं तो काचेच्या फ्रेममध्ये बसवून टीव्हीच्या वर लावला आहे. सरळ, खाली दिवा सोडलेला.

तो म्हणाला, "काका, तुम्ही काहीही द्याल, माहीत आहे मला. पण बाबांची ही एकच गोष्ट आहे, जी आम्ही दोघांनी मिळून केली."

मी कोट्यवधीचं भंगार फिरवलेला माणूस. समोरच्याला काय म्हणायचं हे मला त्याच्या आधी कळतं. त्यावर बोली लागत नाही, हेही मला कळलं. चहा पिऊन खाली आलो. लिफ्टमध्ये मनात एकच होतं: माझ्याकडे दिला असता, तर वाकडा राहिला असता. हे मला सरांना सांगायचं राहून गेलं. आता सांगायला सर नाहीत, आणि ज्याला सांगावं त्याला सांगायचं नाही.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच सोसायटीच्या हॉलमध्ये, संक्रांतीनंतरच्या एका रविवारी. सोसायटीतल्या मुलांना त्यांनी सूर दाखवायला बोलावलं होतं. मला निरोप आला तेव्हा मी म्हटलं, त्या मेलेल्या गजानं काय दाखवणार? तरी गेलो. ज्ञानोबा अण्णाही नातीबरोबर पुढे येऊन बसले होते.

सर बारीक झाले होते. पितळ खुंटावर कसलेलं होतं. त्यांनी रांगोळी टाकली आणि तो सरळ गज हातात घेतला. मग उजव्या हाताचं मधलं बोट त्यांनी दांडी आणि केस यांच्या मधे घातलं आणि केस बाहेर ढकलून ताणले. जिथं पूर्वी लाकडाचा बाक होता, तिथं आता बोट होतं. गज ओढला. पितळ कुरकुरलं, थांबलं, पुन्हा कुरकुरलं, आणि मग सूर निघाला. पहिल्यासारखा नाही. पण निघाला. रांगोळी हळूहळू चालत जागेवर गेली.

अभिजित शिफ्ट संपवून कंपनीच्या शर्टावरच आला होता, दारात उभा होता. मुलांच्या टाळ्या थांबल्यावर त्यानं विचारलं, "बाबा, बोट का घालता मधे?"

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. "जुन्या काळी असाच धरत काही लोक. बोटानं केस ताणायचे, हवा तेवढा दाब द्यायचा."

हे खोटं नव्हतं. मी पुढे एका जाणकाराला विचारून घेतलं, खरंच तसे धरणारे होते. पण या गजाला त्याची गरज कधी लागली नव्हती.

"मग मी सरळ केला त्याचा काही त्रास नाही ना?"

"उलट. बोटाला जागा झाली." आणि मग सर म्हणाले, "ये ना. इथं बोट ठेव."

इतक्या लोकांसमोर अभिजितला संकोच वाटला असावा. मग बूट काढून आत आला, सतरंजीवर बापासमोर गुडघे टेकून बसला आणि पितळेच्या कडेला बोट ठेवलं. सरांनी गज ओढला.

"बाबा, मुंग्या येतात!" तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा हसला.

अण्णा त्याच्या मागून ओरडले, "बोट सरकव! बोट सरकव! बदलतंय बघ!"

त्यानं बोट सरकवलं. नक्षी मोडली, दुसरी जमायला लागली. सगळा हॉल पुढे वाकून रांगोळीकडे बघत होता. सर अभिजितकडे बघत होते. केसांनी त्यांचं बोट आवळून जांभळं पडलं होतं, आणि त्यांनी गज थांबवला नाही.